४५ दिवसांचं लॅब की रंकाळ्यावरचं तांबूस पिल्लू?

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो, दुसरा मजला, टू बीएचके, लिफ्ट नाही. घरात मी, मिस्टर, सासूबाई आणि नऊ वर्षांची लेक. लेकीनं वर्षभर कुत्रं पाहिजे म्हणून डोकं खाल्लं आणि आता कसेबसे सगळे हो म्हणालेत, तर कुठलं आणायचं यावरनं घरात दोन पार्ट्या पडल्यात. मिस्टरांना लॅब्रॅडॉर पाहिजे. त्यांच्या कंपनीतल्या कुणाच्या तरी ओळखीनं एक माणूस १५ हजारात देतोय, पिल्लू ४५ दिवसांचं आहे, २ हजार ॲडव्हान्स देऊन पण झालेत. लेकीला रंकाळ्यावर भेळेच्या गाडीमागं एक तांबूस पिल्लू दिसलंय, तिला तेच पाहिजे, त्याची आई पण तिथंच असते. सासूबाई म्हणतात काय आणायचं ते आणा पण देवघरात फिरकता कामा नये. मी शाळेत शिकवते, मिस्टर एमआयडीसीत, दुपारी घरी फक्त सासूबाई. विकतचं घेऊ की दत्तक?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : बाई, तुमच्या घराला यातलं एकही पिल्लू नको असं माझं मत आहे. लगेच पान उलटू नका, सांगते.

आधी मिस्टरांच्या लॅबचं बघू. ४५ दिवस हा आकडा आपल्याकडं इतका रुळलाय की लोकांना तो नियमच वाटतो, "४५ दिवसाचं झालं की न्यायचं". खरा नियम वेगळा आहे. २०१७ साली केंद्र सरकारनं कुत्र्यांच्या ब्रीडिंगचे नियम काढले त्यात आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचंच नाही असं लिहिलंय, म्हंजे ५६ दिवस, आणि विकणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी केलेली पाहिजे. मधल्या त्या अकरा दिवसांत काय एवढं असतं असं वाटेल, पण पिल्लू भावंडांशी मारामारी करत किती जोरात चावलं की समोरचं केकाटतं हे त्याच वयात शिकतं. ते न शिकता आलेलं पिल्लू मग तुमच्या लेकीच्या हातावर शिकतं.

आणि दुसरं कारण माझ्या स्वतःच्या घरातलं. पंधराएक वर्षांपूर्वी आम्ही पण असंच ओळखीतनं एक पिल्लू आणलं, विकणाऱ्यानं ४० दिवसांचं सांगितलं, दात बघून डॉक्टर म्हणाले महिन्याचं पण नसेल. पहिले तीन दिवस एकदम मस्त, घरभर पळालं, चपला ओढल्या. चौथ्या दिवशी सकाळी बघते तर पाण्याच्या भांड्याशी बसलंय, मान भांड्यावर लोंबकळतीय, पण पाणी काय पीत नाही. तास झाला तरी तसंच. दुपारी उलट्या सुरू, रात्री रक्ताची जुलाब आणि त्याचा तो वास, तो वास एकदा आला की जन्मात विसरत नाही. पार्व्हो, पिल्लांच्या आतड्यांना होणारा व्हायरसचा आजार. सलाईन लावली, दोन रात्री जागलो, गेलं. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो तुमच्या घरात लागला असेल. आता कळतं की पार्व्होची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, म्हंजे ते तिकडनंच घेऊन आलं असणार. वर हा व्हायरस फरशीवर, मातीत महिनोन्महिने राहतो आणि फिनेलनं मरत नाही, ब्लीचनं पुसावं लागतं. त्यामुळं आम्हाला पुढं वर्षभर दुसरं पिल्लू आणायची छातीच झाली नाही.

बरं, रंकाळ्यावरचं. तुमच्या लेकीचं मन मोठं आहे, तिला रागवू नका, पण त्या पिल्लाची आई तिथंच आहे हे तुम्हीच लिहिलंय. आई दूध पाजतीय, भेळवाला दोन घास टाकतोय, त्याला तिथनं उचलणं म्हंजे रेस्क्यू नव्हे, उचलेगिरी झाली की हो. दोन महिन्याचं झाल्यावर न्यायला हरकत नाही, तोवर रोज संध्याकाळी लेकीला घेऊन जा, बघू दे तिला. आणि जमलं तर त्याच्या आईच्या नसबंदीचं बघा, नाहीतर सहा-सात महिन्यांनी त्याच गाडीमागं परत सहा पिल्लं आणि परत तुमची लेक रडणार.

पण मग पिल्लूच का नको? कारण तुमचा दुसरा मजला, लिफ्ट नाही, आणि तुम्ही दोघं दिवसभर बाहेर. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावं लागतं, आणि गंमत अशी की लसीचे डोस पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावर सोडायचं पण नसतं. पहिला डोस सहा-आठ आठवड्यांना, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं चार महिन्यांचं होईपर्यंत, रेबीजचं तीन महिन्यांनंतर. हे सगळे दिवस घरात शू-शी पुसणार कोण? सासूबाई. त्यांना विचारलंय का कुणी? मला नाही वाटत. देवघराचं त्या बोलल्या ते बरं झालं, पण खरा प्रश्न बाथरूमच्या बाहेरच्या पायपुसण्याचा आहे.

लॅबचं अजून एक. आत्ता ओंजळीत मावतंय, वर्षा-दीड वर्षात तीस किलोचं होतं. या जातीत मागच्या पायांच्या सांध्याचा त्रास भरपूर, आणि खायचं म्हणाल तर पोट भरल्याचं बऱ्याच लॅबना कळतच नाही, ते त्यांच्या जीन्समध्येच आहे, त्यामुळं वजन वाढतं आणि सांधे अजून जातात. आज लेक नऊ वर्षांची आहे, दहा वर्षांनी ती पुण्याला कॉलेजात असेल, आणि पावसाळ्यात रात्री अकराला तीस किलोचं म्हातारं कुत्रं दोन मजले उचलून खाली कोण नेणार, तर तुमचे मिस्टर. त्यांना हे वाक्य मोठ्यानं वाचून दाखवा.

मग माझं म्हणणं काय, तर दीड-दोन वर्षांचं, नसबंदी झालेलं, कुणाच्या तरी घरात फॉस्टरला, म्हंजे दत्तक जाईपर्यंत तात्पुरतं सांभाळायला असलेलं गावठी कुत्रं बघा. मोठं झालेलं कुत्रं जसं आहे तसं समोर दिसतं, किती भुंकतं, पोरांशी कसं आहे, एकटं राहतं का. शू तीन-तीन वेळा पुसावी लागत नाही, सकाळ-दुपार-संध्याकाळ फिरवलं की झालं, आणि दुपारची फेरी सासूबाईंना जिने उतरून जमणार नसेल तर एखादं गल्लीतलं कॉलेजचं पोरगं पैसे देऊन ठरवा.

गोड गोड चित्र मात्र रंगवणार नाही. आमचा भडंग (रंगावरनं नाव पडलं) २०१९ च्या महापुरानंतर आला, फॉस्टरवाल्यांनी सांगितलं होतं घाबरट आहे म्हणून, पण एवढा असेल वाटलं नव्हतं. आठ दिवस वॉशिंग मशीन आणि भिंतीच्या मधल्या फटीत बसून होता, आम्ही झोपल्यावर जेवायचा. जिना तर त्यानं आयुष्यात बघितलेलाच नव्हता. पुढचे दोन पाय पहिल्या पायरीवर आणि मागचे थरथर थरथर. आमच्या ह्यांनी उकडलेल्या चिकनचा एकेक तुकडा एकेका पायरीवर ठेवला, पहिल्या दिवशी दोन पायऱ्या, दुसऱ्या दिवशी चार, आठवडा गेला तेव्हा कुठं वर आला आणि वर आल्यावर जिन्याकडं असं बघत बसला जणू पन्हाळा जिंकलाय. आजही पत्र्यावर जोराचा पाऊस वाजला की पलंगाखाली जातो. ते काय गेलं नाही, जाणार पण नाही.

त्यामुळं फॉस्टरवाल्यांना स्पष्ट विचारा, जेवताना भांड्याजवळ गेलं की गुरगुरतो का, लहान पोरांत राहिलाय का, कधी चावलाय का. लेकीला घेऊन दोन-तीनदा जा. पंधरा दिवस घरी ठेवून बघू देता का विचारा, चांगली माणसं देतात, उलट तेच तुमचं घर बघायला येतील, शंभर प्रश्न विचारतील, त्याचा राग मानू नका. जे काहीच न विचारता "आजच न्या" म्हणतात त्यांच्याकडनं नको.

मिस्टर ऐकतच नसले तर लॅब आणा, पाप नाही ते. मी ब्रीडवाल्यांच्या विरोधात नाही, बघून घेण्याच्या बाजूची आहे. पिल्लू त्याच्या आईसोबत, जिथं जन्मलं तिथं जाऊन बघा, आईबापाच्या कंबरेचे एक्सरे मागा, आणि केसीआयचा (केनेल क्लब ऑफ इंडियाचा) कागद म्हंजे वंशावळ, तब्येतीचं सर्टिफिकेट नव्हे. आणि कुणी मध्येच "लॅब कशाला, मुधोळ घ्या, आपल्या शेजारचंच" असं सुचवेल, इथनं मुधोळ काय लांब नाही, कुत्रं पण देखणं, पण ते ससे पळवायला बनलेलं जनावर आहे, शेत असेल तर घ्या, टू बीएचकेत नको.

कुठलंही आणलं तरी रविवारच्या मटणाच्या नळ्या द्यायच्या नाहीत, शिजलेलं हाड चिरफाळून आतड्यात टोचतं, आणि तांबडा-पांढरा तर अजिबात नको, कांदा-लसूण कुत्र्यांच्या रक्ताला बाधतं. पावसाळ्यात गोचिडं रोज बघायची, कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात, गोचीड ताप वाईट असतो.

सासूबाईंच्या देवघराचं सोपं आहे. दोन-तीन महिने दाराला गुडघाभर उंचीची फळी लावा, जवळ गेलं की एकच शब्द म्हणायचा, सगळ्यांनी तोच. भडंग आता फळी नसताना पण उंबऱ्याच्या बाहेर बसतो, आरती संपेपर्यंत. प्रसादासाठी, भक्तीचं काय नाही त्यात.

राहिले ते २ हजार. त्या माणसाला फोन करून दोन गोष्टी मागा, पिल्लू अजून पंधरा दिवस आईजवळ राहू दे आणि आम्हाला येऊन आई बघायची आहे. हो म्हणाला तर मिस्टरांना घेऊन जाऊन या, गाडीतनं परत येताना तुमचं भांडण आपोआप पुढं सरकेल. तो "आई इथं नसते, मी पिल्लू बसस्टँडवर आणून देतो" म्हणाला, तर पैसे परत मागा आणि नाही दिले तर सोडून द्या.