पाणी भरपूर, तरी झाड तहानलेलं : संत्रा, कपाशी अन् ताणाचे प्रश्न

नमस्कार मंडळी. ऑगस्टात पावसाने दडी मारली, पोळ्याच्या सुमारास एकदम धो धो कोसळला, अन् तेव्हापासून माझ्या फोनवर पिवळी पानं, सडलेली फळं, माना टाकलेली कपाशी यांचे फोटो येऊन राहिलेत. प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर टाइप करत बसण्यापेक्षा सगळ्यांचं एकत्र लिहितो, कारण प्रश्न वेगळे दिसले तरी मुळाशी भानगड एकच आहे : ताण, म्हणजे झाडाला हवं तितकं पाणी न पोचणं.

पहिला प्रश्न नरखेडकडच्या एका दादांचा. (आंबिया म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणारा बहार.) "साहेब, आंबियाची संत्री रोज टोपलंभर गळून राहिली. विहीर तुडुंब आहे, पाण्याची काही कमी नाही, कोणतं टॉनिक मारू?"

दादा, टॉनिक मारायच्या आधी एक काम करा. बागेत जिथे पाणी साचलं होतं तिथल्या झाडाच्या घेराखाली वीतभर खोल खड्डा करा, बारीक मुळं बोटात धरून ओढा अन् मातीचा वास घ्या. मुळाची साल मोज्यासारखी निघून हातात आली अन् आत नुसता दोरा राहिला, मातीला गटारासारखा वास आला, तर तुमचं झाड पाण्यात उभं राहून तहानेनं मरतंय. ऐकायला विचित्र वाटतं, पण मूळ पाणी ओढतं ते फुकटात नाही, त्याला ताकद लागते अन् ती ताकद श्वासातून येते. जमिनीतल्या पोकळ्यांत हवा असते तिथे पाणी भरलं की एक-दोन दिवसांत ऑक्सिजन संपतो, मूळ गुदमरतं, अन् वर पानाला पाणी पोचणं बंद होतं. मग पान कोरडवाहू बागेत जसं वागतं तसंच वागायला लागतं, पर्णरंध्रं म्हणजे पानाची बारीक तोंडं मिटून घेतं. तोंड मिटलं की पाणी उडणं थांबतं हे खरं, पण त्याच तोंडातून हवेतला कार्बन आत यायचा असतो, म्हणजे स्वयंपाकही बंद. आता घरात धान्य कमी अन् खाणारी तोंडं जास्त झाली की झाड काय करणार, फळं सोडणार.

अन् ती सोडतं कशी तेही बघण्यासारखं आहे. केळी पिकवायच्या खोलीत जो वायू सोडतात ना, इथिलीन, तोच झाड स्वतःच्या अंगात तयार करतं. गुदमरलेल्या मुळात इथिलीनचा कच्चा माल तयार होतो पण शेवटची पायरी पूर्ण करायला ऑक्सिजन लागतो अन् तो तिथे नसतो, म्हणून तो कच्चा माल रसाबरोबर वर चढतो, पानात अन् देठात हवा मिळाली की तिथे त्याचा इथिलीन होतो. देठापाशी पेशींचा एक पातळ थर असतो, इथिलीन वाढलं अन् फळातून येणारं ऑक्झिन हे संप्रेरक कमी पडलं की तो थर सुटा होतो, मग फळ वाऱ्याच्या झुळकीनेही पडतं. म्हणजे गळ आज दिसते पण तिची सुरुवात आठ-पंधरा दिवस आधी जमिनीखाली झालेली असते. यामुळेच फवारणी केली तरी दुसऱ्या दिवशी गळ थांबत नाही अन् तुम्ही दुकानदाराला शिव्या घालता.

आता करायचं काय. सगळ्यात आधी पाणी काढा. उताराच्या दिशेने दोन ओळींच्या मधून चर खोदा, खोडाभोवती मातीचा ढीग असेल तर मोकळा करा, अन् वाफसा, म्हणजे मातीत ओल अन् हवा दोन्ही बेताची, येईपर्यंत ओलीत नावालाही नको. मुळं सडलेली दिसली तर ते बहुतेक फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या जंतूचं काम, पुढे खोडावर डिंक येतो तो डिंक्या रोगही याचाच. मेटॅलॅक्झिल अधिक मॅन्कोझेब हे मिश्र बुरशीनाशक अडीच ग्रॅम प्रति लिटर करून वाफसा आल्यावर घेरात ओता. जंभेरीच्या खुंटावर (खुंट म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम बांधतात ते झाड) बांधलेली कलमं याला लवकर बळी पडतात, रंगपूर लाईमवरची थोडी तग धरतात. नवीन बाग लावणाऱ्यांनी रोपवाटिकेत जाऊन आधी खुंट कोणता ते विचारा, रोप किती उंच आहे ते नंतर.

हे झाल्यावर फवारणी. जिबरेलिक ॲसिड (वाढीचं संप्रेरक जिबरेलिन ते हेच) दीड ग्रॅम अन् युरिया एक किलो, १०० लिटर पाण्यात. जिबरेलिकची पावडर पाण्यात सरळ विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्या, नाहीतर ती पंपाच्या तळाशी बसून राहते अन् तुम्ही नुसतं युरियाचं पाणी मारून येता. फळाला रंग थोडा उशिरा चढेल, त्याची तयारी ठेवा. काही जण जिबरेलिकऐवजी २,४-डी (जे तणनाशक म्हणूनही वापरतात) याच प्रमाणात मारतात, शिफारस तशीही आहे, पण माझं मत विचाराल तर शेजारी कपाशी असेल तर नकोच. वाऱ्याने थोडंसं उडून गेलं तरी कपाशीची पानं भेंडीच्या पानासारखी फाटतात अन् मग धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, भांडणं मिटवायला पुन्हा मलाच बोलावता.

आणखी एक, पडलेलं फळ उचलून दाबून बघा. बारीक छिद्रातून पिचकारी उडाली तर ते रसशोषक पतंगाचं काम आहे, रात्री येतो अन् सोंड खुपसून जातो, त्याला वरचं काहीच लागू पडत नाही. पडलेली फळं रोज वेचून खड्ड्यात गाडा.

इथे माझीच एक चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका काकांच्या बागेत पानं दुपारी मलूल दिसली, मी ऐटीत सांगितलं की काका पाणी द्या. त्यांनी बिचाऱ्यांनी दिलं. जमीन आधीच ओली होती, वरची दोन बोटं तेवढी सुकलेली. महिनाभरात अकरा झाडं गेली. काकांनी मला काही म्हटलं नाही, चहा पाजला उलट, ते जास्त लागलं. तेव्हापासून मी दुपारी दोनला बाग बघून सल्ला देत नाही. सकाळी सातला बघा. दुपारी उन्हात पान वळलं अन् सकाळी पुन्हा ताठ झालं तर ते झाडाचं रोजचं काम आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सकाळीही वळलेलंच असेल तर खरा ताण, अन् मग तो पाणी कमी झाल्याचा की जास्त झाल्याचा हे फावड्याने खोदल्याशिवाय कळत नाही.

दुसरा प्रश्न आर्वीहून, कपाशीचा. "काल संध्याकाळपर्यंत डोलत होती, आज सकाळी मधली मधली झाडं माना टाकून उभी, कीड नाही, मुळं पांढरीशुभ्र. कोणी काही टाकलं तर नाही ना?"

कोणी काही टाकलेलं नाही, भाऊ. ही आकस्मिक मर, ज्याला पॅरा विल्ट म्हणतात. उघाड असताना झाडाने सगळा जोर बोंडांत घातलेला, ऊन कडक, जमिनीला भेगा, अन् अशात रात्रीतून भारी जमिनीत पाणी तुंबलं. वरून मागणी जोरात अन् खालून पुरवठा एकदम ठप्प. बोंडांचं ओझं जितकं जास्त तितकं ते झाड आधी बसतं, म्हणून तुमची सगळ्यात देखणी झाडंच गेलेली दिसतील. रोग नाही म्हणून बुरशीनाशकाने एकट्याने भागत नाही, अन् इथे तासांचा हिशोब आहे, दिवसांचा नाही. आधी पाणी काढा, मग १३:००:४५ हे विद्राव्य खत एक किलो, कोबाल्ट क्लोराइड दोन ग्रॅम अन् कॉपर ऑक्सिक्लोराईड २५० ग्रॅम, २०० लिटर पाण्यात, प्रत्येक झाडाच्या बुडाशी साधारण १०० मिली. मी वर संत्र्यात इथिलीनची जी शेवटची पायरी सांगितली, कोबाल्ट नेमकी तीच पायरी अडवतं, म्हणून मान टाकल्यापासून जितक्या लवकर तितका फायदा. तिसऱ्या दिवशी मला फोन करून "आता काय करू" म्हणाल तर आता काही नाही, बुडाशी माती चढवा अन् जी उठतील ती उठतील. दोन ग्रॅम म्हणजे दोनच ग्रॅम, सोनाराच्या काट्यावर तोलून आणा, मुठीने टाकू नका.

सोयाबीनवाल्या दोघा-तिघांनी ऑगस्टातले फोटो पाठवले, पानं उलटी झालेली, शेत लांबून चंदेरी दिसतं. तो रोग नव्हता. उन्हाचा मारा चुकवायला सोयाबीन पान फिरवतं, फिकट बाजू वर करतं, तूरही पानं उभी करते. असं दिसलं की त्या आठवड्यात एखादं संरक्षित पाणी असेल तर देऊन टाकायचं, विशेषतः फुलं अन् शेंगा भरताना. आता ती वेळ गेली.

फळं तडकतात हा डाळिंबवाल्यांचा नेहमीचा अन् यंदा संत्रावाल्यांचाही प्रश्न. उघाडीत सालीची वाढ थांबते, ती निबर होते, लवचिकपणा जातो. मग पाऊस आला की आतला गर फुगतो पण साल काही ताणली जात नाही. बोरॉन-कॅल्शियमने थोडी मदत होते, पण तडकलेलं फळ काही शिवता येत नाही. खरा उपाय उघाडीतच होता, थोडं थोडं पाणी देत राहणं अन् घेरात सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) चार बोटं पसरून ठेवणं. कुटार पेटवून देणाऱ्यांना मी दरवर्षी सांगतो, यंदाही सांगून ठेवतो.

आता मोर्शीच्या एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न, जो मला सगळ्यात आवडला. "सर, एवढं सगळं ताणाने बिघडतं तर मग आपण डिसेंबरात मुद्दाम ताण का देतो? अन् मागच्या वर्षी देऊनही फुलं आलीच नाहीत."

आपल्याकडे ताण हा शब्द शिवीसारखा नाही तर कामासारखा वापरतात. संत्र्याला फूल यायला वाढ थांबावी लागते, ती थंडीने थांबते किंवा पाणी तोडल्याने. थांबली की नवतीत, म्हणजे नव्या पालवीत, खर्च होणारी साखर काडीत साठते, शिवाय पानात फुलाचा निरोप देणारं एक जनुक आहे, ते थंडीत अन् पाण्याच्या ताणात जागं होतं. विदर्भात आंबियाला ही दोन्ही कारणं एकत्र मिळतात, मृगाला, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणाऱ्या बहाराला, मात्र थंडी नसते, सगळी भिस्त मे महिन्यातल्या ताणावर, म्हणून मृग जास्त बेभरवशाचा. हलक्या जमिनीत महिना-दीड महिना पुरतो, भारी काळ्या जमिनीत दीड ते दोन महिनेही लागतात कारण वरून भेगा पडल्या तरी खाली ओल धरून असते. दिवस मोजत बसू नका, पान बघा. तजेला जाऊन फिकट होतं, थोडी गळ होते, नवती पूर्ण थांबते, तिथे ताण बसला. त्यापुढे ओढाल तर काड्या वाळतात. २०१२ च्या दुष्काळात जालन्याकडच्या मोसंबीला मिळाला तोही ताणच, पण तो सोडवायला पाणीच नव्हतं, बागाच्या बागा वाळून गेल्या.

तुमची फुलं का नाही आली, तर तुम्हीच दुसऱ्या मेसेजमध्ये लिहिलंय की नाताळाच्या आसपास दोन दिवस पाऊस झाला. तिथेच ताण तुटला अन् झाड नवतीकडे वळलं. असं झालं तर क्लोरमेक्वाट क्लोराईड दोन मिली प्रति लिटर फवारायचं. ते झाडातलं जिबरेलिन तयार होणं दाबतं, म्हणून नवती अडते. अन् इथे एक मोठी गंमत आहे, आत्ता सप्टेंबरात फळगळीसाठी जे जिबरेलिक मारायला सांगितलं ना, तेच डिसेंबर-जानेवारीत मारलं तर येणारं फूल मारतं. शिल्लक राहिलेली पुडी "वाया कशाला घालवायची" म्हणून त्या वेळी टाकीत टाकू नका, असं करणारे मी पाहिलेत.

ज्या झाडांवर मृगाची फळं लदलेली आहेत, ज्यांना डिंक्या आहे, जी पाच वर्षांच्या आतली आहेत, त्यांना यंदा ताण नकोच. अन् या पावसात ज्यांची मुळं गेली त्यांनाही नको, आधी पांढरी मुळं फुटू द्या. ताण सोडताना पहिलं पाणी हलकं, चार-पाच दिवसांनी दुसरं जरा जास्त, मग भरपूर. पहिल्याच दिवशी रात्रभर मोटर चालू ठेवली की फूल कमी अन् नवतीच जास्त येते. पाणी दुहेरी आळ्याने द्या, म्हणजे आतलं आळं कोरडं अन् पाणी बाहेरच्या आळ्यात, खोडाला लागू देऊ नका, अन् पावसाळा संपला की बोर्डो मलम लावा, मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर, जमिनीपासून तीन फुटांपर्यंत.

फोटो पाठवताना यापुढे तीन पाठवा : सकाळी सातचं झाड, खणलेला खड्डा, अन् पडलेलं फळ कापून. नुसत्या पिवळ्या पानाच्या फोटोवर मी उत्तर देणार नाही, रागावू नका. मोर्शीवाल्या भाऊंनी नोव्हेंबराच्या शेवटी फोन करावा, त्यांची जमीन बघूनच ताणाची तारीख ठरवू.