नवा प्रिंटर वायफायला जोडताय? आधी एवढं बघा

पहिल्यांदा जोडताना अडकणं अगदी स्वाभाविक आहे, घाबरू नका. बहुतेक वेळा प्रिंटर बिघडलेला नसतोच.

सगळ्यात आधी बँड, म्हणजे वायफायची लहर (२.४ की ५ गिगाहर्ट्झ), तपासा. घरगुती प्रिंटरपैकी बरेच फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटर दोन नावं दाखवत असेल आणि एकाच्या शेवटी ‘५जी’ असेल, तर ते सोडून दुसरं निवडा. मोबाइलही त्याच नावावर आणा. माझे दोन रविवार यातच गेले होते. प्रिंटरच्या यादीत घरचं नावच येत नव्हतं.

नेहमीच्या चुका:
- ‘डायरेक्ट’ने सुरू होणारं नाव निवडणं. ते प्रिंटरचं स्वतःचं नेटवर्क असतं, घरचं नव्हे.
- पासवर्डमध्ये कॅपिटल-स्मॉल अक्षरांची गफलत.
- पाहुण्यांसाठीच्या गेस्ट नेटवर्कवर जोडणं. तिथे उपकरणं सहसा एकमेकांना दिसत नाहीत.

पहिली जोडणी राउटरच्या खोलीतच करा, नंतर प्रिंटर हवा तिथे न्या. डब्ल्यूपीएसचं (पासवर्ड न टाकता जोडणारं) बटण वापरणार असाल तर राउटरवर दाबल्यापासून २ मिनिटांत प्रिंटरवरही दाबायचं. वायफायचा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला की जमलं! मग एक चाचणी पान काढा.

स्थिर आयपी (प्रिंटरला नेटवर्कवर न बदलणारा पत्ता देणं) वगैरेच्या नादी आत्ता लागू नका.