प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष करांत नेमका फरक काय? आयकर न भरणाऱ्याला करदाता म्हणता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. हो, येईल. साबणाची वडी घेणारा प्रत्येक जण करदाता आहे. या वडीवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 ला 18 टक्क्यांवरून 5 वर आला, पण वडी कारखान्याच्या मालकाने घेतली काय आणि त्याच्या वॉचमनने घेतली काय, कर तेवढाच. जीएसटीसारखा अप्रत्यक्ष कर माणूस बघत नाही, आयकरासारखा प्रत्यक्ष कर बघतो. उत्पन्न किती, वजावटी कुठल्या, सगळं विचारतो, आणि जास्त कापला गेला असेल तर रिफंडही देतो. साबणावरचा जीएसटी ‘माझी कमाई कमी आहे’ म्हणून परत मागून बघा!

पगारातला टीडीएस (पगार हातात यायच्या आधीच कापला जाणारा आयकर) कंपनी भरते म्हणून तो अप्रत्यक्ष, असं समजणारे मला भेटलेत. तसं नाही. तो तुमच्याच पॅनवर जमा होतो.

आता तुमचा पहिला प्रश्न. पुस्तकात लिहिलेलं असतं की अप्रत्यक्ष करात कराघात (सरकारकडे कर भरायची जबाबदारी) विक्रेत्यावर आणि करभार (शेवटी ज्याच्या खिशातून जातो तो बोजा) ग्राहकावर. आमचे दाजी बँकेतून रिटायर झालेत. दर गणपतीला जेवणं उरकली की त्यांचं सुरू होतं, ‘आमचा टॅक्स पगार हातात यायच्या आधीच जायचा. तुम्ही व्यापारी गिऱ्हाइकाकडून घेता नि सरकारला देता. त्यात तुमचं काय जातं?’

माझं इलेक्ट्रिकल मालाचं दुकान आहे. एका कॉन्ट्रॅक्टरने इमारतीच्या कामासाठी वायर, स्विच, एमसीबी उधारीवर नेले आणि पैसे दिलेच नाहीत. माल एक लाखाचा, त्यावर 9 टक्के सीजीएसटी (केंद्राचा) आणि 9 टक्के एसजीएसटी (राज्याचा), म्हणजे बिल 1,18,000 चं. आमच्यासारख्या दरमहा रिटर्न भरणाऱ्यांना पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला कर भरावाच लागतो. गिऱ्हाइकाने पैसे दिलेत की नाहीत, हे पोर्टल विचारत नाही. तो माल मी 80,000 ला घेतला होता आणि त्यावरचे 14,400 होलसेलरला देऊन बसलो होतो. त्याचं क्रेडिट (खरेदीवर दिलेला कर आपल्या करातून वजा करायची सोय) वजा जाऊन 3,600 रोख भरले. दाजी म्हणाले, ‘मग 3,600च गेले ना तुझे?’ अहो, आधीचे 14,400 काय आकाशातून पडले होते? अठराच्या अठरा हजार माझ्या खिशातून गेले, मालाचे पैसे बुडाले ते वेगळेच.

खरी गंमत पुढे आहे. माझ्याच बिलावर त्या गृहस्थाने 18,000 चं क्रेडिट घेतलं. 180 दिवसांत विक्रेत्याला पैसे दिले नाहीत, तर ते क्रेडिट व्याजासकट उलटवावं लागतं, असा कायदा आहे. उलटवलं तरी ते सरकारजमा होणार, मला त्यातला रुपया नाही. आयकरात बुडीत उधारी वह्यांमधून काढून टाकली की खर्चात धरतात. जीएसटीत बुडीत उधारीवर भरलेला कर परत मिळायची सोयच नाही.

त्यामुळे माझं मत विचाराल तर करभार कोणावर पडतो हे कायदा ठरवत नाही, बाजार ठरवतो. ज्याची गरज जास्त, त्याच्या गळ्यात. समोरचा दुकानदार कमी भावात देत असेल, तर मीही कराचा भार माझ्या मार्जिनमधून उचलतो. बिलावर जीएसटी छापलेला दिसतो म्हणून तो ग्राहकानेच सोसला असं होत नाही.

दाजींना हे पटलं नाही. मुलीच्या फ्लॅटला पंखे घेताना मात्र तेच म्हणाले, ‘बिल राहू दे रे, घरचंच आहे.’ मी बिल केलंच. दुसरं म्हणजे, 2025-26 पासून नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे आयकर शून्य होतो (शेअरच्या नफ्यासारखं उत्पन्न सोडून). दाजींची पेन्शन आणि एफडीचं व्याज त्यात आरामात बसतं. म्हणजे आयकर भरतो तोच खरा करदाता, या त्यांच्याच हिशेबाने ते आता करदाते उरले नाहीत. विचारणाऱ्याच्याही घरात असा कोणी असेल, तर हा मुद्दा हाताशी ठेवा.

परीक्षेसाठी विचारलं असेल तर यातलं काही लिहू नका, पुस्तकातलंच लिहा. पेट्रोल, डिझेल आणि दारू जीएसटीबाहेर आहेत, पण त्यांच्यावरचे एक्साइज आणि व्हॅट हेही अप्रत्यक्षच. पगारातून दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 कापला जाणारा व्यवसाय कर प्रत्यक्ष, फक्त तो राज्याचा. आणि कंपोझिशनवाल्या (उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरणाऱ्या छोट्या) दुकानदाराला ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही, तो त्याने स्वतःच्या खिशातून भरायचा असतो. त्याने बिलात जीएसटी लावला तर देऊ नका.