राज्यसेवा पूर्व सहा गुणांनी हुकली. आता अपेक्षा कमी करायची की जोर वाढवायचा?

तुमचा प्रश्न असा: लोकसेवा आयोगाच्या (एमपीएससी) राज्यसेवेची पूर्व परीक्षा दुसऱ्यांदा गेली, पेपर एकला कट ऑफपेक्षा सहा गुण कमी पडले, घरचे म्हणतात आता नोकरी बघ, तर स्वतःकडून अपेक्षा कमी करायची की आणखी जोर लावायचा? दोन्हींपैकी काहीही ठरवण्याआधी त्या सहा गुणांचा हिशेब मांडू.

पेपर एकला १०० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, चुकलं की अर्धा गुण जातो. समजा २० प्रश्नांना निव्वळ तुक्के मारले. चारात एक धरला तर ५ लागतात: १० गुण आले, साडेसात गेले, हाती अडीच. पण तुक्के असे शिस्तीत लागत नाहीत. एखाद्या दिवशी तीनच लागतात आणि अडीच गुण वजा होतात. एखाद्या दिवशी आठ लागतात आणि १० मिळतात. अभ्यास तोच, फरक साडेबारा गुणांचा. तुमचे सहा गुण त्यात सहज मावतात. म्हणून या निकालावरून 'माझा आवाका नाही' असं म्हणता येत नाही, तसं 'थोडक्यात राहिलं, पुढच्या वेळी नक्की' असंही म्हणता येत नाही. माझ्या मते दुसरा गैरसमज जास्त महाग पडतो. लोक त्याच्या भरवशावर दोन-दोन वर्षं घालवतात.

खरी माहिती पेपरात आहे. उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत, प्रश्नपुस्तिका आणि अंतिम उत्तरतालिका समोर घ्या. पहिल्या उत्तरतालिकेवर विसंबू नका. हरकतींनंतर काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्द होतात. वहीत १०० ओळी आखा आणि प्रत्येक प्रश्नापुढे विषय, निकाल व कारण लिहा. कारणं पाचच: येत होतं आणि बरोबर आलं, येत होतं पण चुकलं, वाचलं होतं पण आठवलं नाही, कधी वाचलंच नव्हतं, तुक्का. तुक्का लागला असला तरी तो 'तुक्का' म्हणूनच लिहायचा. इथेच बहुतेक जण स्वतःला फसवतात. मग पुढच्या वेळी तो तुक्का लागत नाही आणि 'या वेळी पेपरच विचित्र होता' असं वाटतं. या कामाला साधारण दोन संध्याकाळ लागतात.

'येत होतं पण चुकलं' या रकान्यात सहसा 'अयोग्य विधान ओळखा' हा प्रकार निघतो. विद्यार्थी चारही विधानं नीट तपासतो, 'अ आणि क बरोबर' असं ठरवतो आणि 'फक्त अ आणि क' हाच पर्याय काळा करतो. प्रश्न चुकीच्या विधानांबद्दल होता हे शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचताना डोक्यातून गेलेलं असतं. याला 'सिली मिस्टेक' म्हणून सोडून देऊ नका. अशी एक चूक सुधारली की थेट अडीच गुणांचा फरक पडतो: २ मिळतात आणि गेलेला अर्धा वाचतो. तुमच्या सहा गुणांना असे तीन प्रश्न पुरले असते. उपाय साधा आहे. सरावात प्रत्येक विधानापुढे आधी बरोबर-चूक लिहायचं, मग प्रश्नाची ओळ पुन्हा वाचायची आणि त्यानंतरच पर्यायांकडे बघायचं.

'आठवलं नाही' याचं कारण बहुधा वाचनाची पद्धत असते. राज्यघटनेचं कलम २४३ आय म्हणजे राज्य वित्त आयोग आणि २४३ के म्हणजे राज्य निवडणूक आयोग, हे पुस्तकात दहा वेळा रंगवलेलं असतं. डोळ्यांना ओळखीचं वाटतं म्हणून येतंय असं वाटतं आणि पेपरात दोन्ही शेजारी आले की गोंधळ होतो. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहून काढा. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी पुन्हा लिहा. चौथं वाचन करण्यापेक्षा याचा उपयोग जास्त.

'वाचलंच नव्हतं' हा रकाना फुगलेला दिसला की नवी पुस्तकं घ्यायचा मोह होतो. आधी तो विषयवार मोजा. एकाच विषयात सात-आठ प्रश्न असतील तरच पुस्तक घ्या. विखुरलेले असतील तर सोडा, असे प्रश्न प्रत्येक पेपरात असतातच.

आता अपेक्षेकडे येऊ. ती कमी किंवा जास्त करण्यापेक्षा मोजायला शिका. पुढच्या आठ सराव पेपरांत उत्तर देताना प्रश्न क्रमांकासमोर कच्च्या कामाच्या जागेत खूण करा: खात्रीचा, दोन पर्यायांत अडकलेला, तुक्का. समजा ४० 'खात्रीचे' निघाले. तुम्ही मनात ८० गुण धरता. तपासल्यावर त्यातले ३१च बरोबर असले, तर ६२ वजा साडेचार, म्हणजे साडेसत्तावन्न. हा साडेबावीस गुणांचा खड्डा दर परीक्षेनंतर अपेक्षाभंग बनून समोर येतो. पेपर तपासण्याआधी अंदाजे गुण लिहून ठेवायचे आणि मग फरक बघायचा. अंदाज पाच-सहा गुणांच्या आत यायला लागला की कुठले प्रश्न सोडायचे हेही आपोआप कळतं. दोन पर्यायांत अडकलेले प्रश्न मात्र सोडू नका. असे दहा सोडवले तर सरासरी साडेसात गुण हाती लागतात. निगेटिव्हच्या धास्तीने ते कोरे ठेवणारे बरेच असतात.

पेपर दोन आता फक्त पात्रतेपुरता आहे, ३३ टक्के म्हणजे २०० पैकी ६६. पण तेवढ्यावरून त्याचा सराव शून्यावर आणू नका. आठवड्याला एक संच पुरे. २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, त्यामुळे पूर्वच्या तयारीतही रोज एखादं उत्तर हाताने लिहा.

घरच्यांचं म्हणाल, तर 'बघू' हे उत्तर त्यांना सर्वांत जास्त टोचतं. खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ अशी लांब वयोमर्यादा असल्याने थांबायची वेळ आयोग तुमच्यासाठी ठरवत नाही. ती तुम्हीच ठरवायची, आणि निकालानंतर नाही, आत्ता. एका कागदावर तीन गोष्टी लिहा: आणखी किती प्रयत्न, कोणत्या महिन्यापर्यंत, आणि कॉट, मेस, अभ्यासिका धरून किती रुपये. खाली एक अट घाला: आठ सराव पेपरांनंतरही खात्रीच्या प्रश्नांतले ८५ टक्के बरोबर येत नसतील, तर नोकरी धरून अभ्यास करायचा. ८५ हा आकडा माझा आहे, तुमचा वेगळा असू शकतो. तो आधी लिहिलेला असला म्हणजे झालं. कागद आई-वडिलांना दाखवा.

दोन आठवडे झोप किंवा जेवण बिघडलेलं असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. फोन मोफत आहे.

कार्बन प्रत हरवली असेल, तर आदल्या एखाद्या वर्षाचा न सोडवलेला पेपर घ्या, घड्याळ लावून दोन तासांत सोडवा आणि पाच कारणांची वही त्याच्यावर करा.