वाचकांचे प्रश्न : ट्रकचा थर्मोस्टॅट घरी बदलताना

प्रश्न : माझी दहा चाकी गाडी आहे. पुण्याहून माल भरून येताना खंबाटकी घाटात तापमानाचा काटा लाल पट्ट्याला टेकतो, एरवी ठीक चालते. फिटर म्हणतो, थर्मोस्टॅट काढून टाक, पाणी मोकळं फिरेल. काढू की नवा बसवू? आणि हे काम घरी अंगणात होईल का? – एक वाचक, वडूज

उत्तर : काढू नका. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनाच्या गरमीप्रमाणे रेडिएटरकडे जाणारं पाणी सोडणारा-अडवणारा वॉल्व्ह. त्याला दोन तोंडं असतात. इंजिन थंड असताना रेडिएटरची वाट बंद आणि बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून परत पंपाकडे जाणारी वाट, उघडी असते. इंजिन तापलं की वरची झडप उघडते आणि खालची थाळी बायपासचं भोक झाकते. ट्रकच्या बहुतेक इंजिनांत अशीच रचना आहे. अख्खा वॉल्व्ह काढला की बायपास कायमचा उघडा राहतो आणि काही पाणी रेडिएटरला न जाताच पंपाकडे परत फिरतं. म्हणजे ज्या घाटासाठी वॉल्व्ह काढला, तिथेच गाडी जास्त तापू शकते. सपाटीवर उलटं होतं: इंजिन कधी पुरतं गरमच होत नाही, डिझेल जास्त जातं, लायनर (सिलिंडरची आतली नळी) आणि पिस्टनच्या रिंगा झिजतात, ऑइलमध्ये गाळ धरतो.

तुमच्या खुणा वाचून मात्र पहिला संशय थर्मोस्टॅटवर जात नाही. वॉल्व्ह बंद अडकला असेल तर गाडी सपाटीवरही तापते. फक्त भरलेल्या गाडीत, फक्त चढावर तापत असेल तर आधी रेडिएटरच्या जाळीत बसलेली धूळ आणि भुसा, पंख्याचा ढिला पट्टा आणि व्हिस्कस फॅन (गरम झाल्यावर जोरात फिरणारा पंखा) बघा. जाळी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. जास्त दाबाने पाती वाकतात. हे सगळं ठीक निघालं, तर वॉल्व्ह अर्धवट उघडत असण्याची शक्यता राहते.

ओळखायची सोपी पद्धत अशी. थंड गाडी चालू करून काटा वर चढेपर्यंत थांबा, मग इंजिन बंद करून रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) चाचपा. काटा लालकडे गेलेला आणि होज नुसता कोमट असेल, तर वॉल्व्ह उघडत नाही. गाडी चालू केल्यापासून होज हळूहळू गरम होत जातो आणि काटा खालीच रेंगाळतो, तर वॉल्व्ह उघडा अडकलाय. (काही इंजिनांत वॉल्व्ह खालच्या होजच्या बाजूला असतो, तिथे ही खूण लागू नाही.)

काम घरी होतं. अंगण सपाट हवं, चाकांना ठोकळे हवेत, केबिन उचलल्यावर तिचा टेकू पुरता अडकलेला हवा. आदल्या संध्याकाळी हाउसिंगच्या (वॉल्व्ह ज्यात बसतो त्या घराच्या) बोल्टांना गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. इंजिन रात्रभर थंड झाल्याशिवाय रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका.

सगळं कूलंट (रेडिएटरमधलं इंजिन थंड ठेवणारं पाणी) काढायची गरज नाही. रेडिएटरच्या खालच्या कॉकमधून पातळी हाउसिंगच्या खाली येईल एवढंच, साधारण पाच-सहा लिटर, स्वच्छ टबात घ्या. कूलंट जुनं नसेल तर तेच परत भरता येतं. टब उघडा सोडू नका: कूलंट गोडसर लागतं, त्यात इथिलीन ग्लायकॉल असतं आणि कुत्रं किंवा वासरू ते प्यालं तर मरू शकतं.

वरचा होज इंजिनाला जिथे जोडलाय तेच हाउसिंग. बोल्ट बहुधा 8 एमएमचे, म्हणजे 13 चा पाना. हाउसिंगचं झाकण उघडलं की जुना वॉल्व्ह कसा बसलाय याचा फोटो काढा. मेणाची पितळी डबी (आतलं मेण तापून फुगलं की झडप उघडते) इंजिनाच्या बाजूला आणि कडेची छोटी हलती पिन सगळ्यात वर, ही नेहमीची बैठक. उलटा बसला तर डबीला गरम पाणी लागत नाही आणि तो उघडत नाही. पिन खाली राहिली तर भरताना हवा निघत नाही. काही इंजिनांत दोन वॉल्व्ह असतात, तेव्हा दोन्ही बदला.

भोकात स्वच्छ फडकं कोंबा, मगच जुनं पॅकिंग खरवडा. त्यासाठी प्लॅस्टिकची किंवा पितळी पट्टी घ्या; लोखंडी पट्टीने अॅल्युमिनियमवर ओरखडा उठला की तिथूनच पुढे पाणी झिरपतं. ओ-रिंग असेल तर सिलंट अजिबात लावू नका. कागदी पॅकिंगला कंपनीने सांगितलं असेल तरच, तेही नखाएवढ्या पातळ थराने. आत दाबली गेलेली सिलंटची गोळी सुटून रेडिएटरच्या नळीत अडकते. बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. 8 एमएमच्या बोल्टला अॅल्युमिनियममध्ये साधारण 20 न्यूटन-मीटरचा जोर पुरतो. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

नवा वॉल्व्ह बसवण्याआधी पातेल्यात तपासा. वॉल्व्हवर आकडा कोरलेला असतो, समजा 82. त्या अंशाला तो उघडायला लागतो आणि साधारण दहा-बारा अंश पुढे पुरता उघडतो. झडपेच्या फटीत सुतळीचं टोक अडकवा आणि वॉल्व्ह पाण्यात लोंबकळता ठेवा. तळाला टेकवू नका, तिथे आच जास्त असते. थर्मामीटर 110 अंशांपर्यंतचा हवा. तापाचा 42 लाच संपतो. झडप उघडली की सुतळी सुटून वॉल्व्ह खाली बसतो, तो क्षण आणि तो आकडा लिहून ठेवा. कोरलेल्या आकड्यापेक्षा दोन-तीन अंशांचा फरक चालतो. नंतर पाणी निवू द्या आणि झडप पूर्ण मिटते का ते बघा. जुन्या वॉल्व्हचीही अशीच परीक्षा घ्या. तो बरोबर उघडला, तर दोष दुसरीकडे आहे हे तुम्हाला गाडी पुन्हा घाटात नेण्याआधीच कळतं.

प्रश्न : थर्मोस्टॅट नवा बसवला, पाणी काठोकाठ भरलं. तरी वीस किलोमीटरवर काटा एकदम वर गेला, मग खाली आला. परत तसंच. वॉल्व्ह खराब निघाला का? – एक वाचक, तासगाव

उत्तर : वॉल्व्ह बहुधा चांगला आहे, आत हवा अडकली आहे. घाईने ओतलं की हवेचा फुगा इंजिनाच्या हेडखाली आणि वॉल्व्हच्या मागे कोंडतो. मेणाच्या डबीभोवती पाण्याऐवजी हवा असली तर ती उशिरा तापते, झडप उशिरा उघडते आणि काटा उडी मारतो. या कामात सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

गाडी पूर्ण थंड करा. केबिनच्या हीटरचा कॉक असेल तर उघडा, हाउसिंगवरचा हवा सोडायचा स्क्रू ढिला करा. कूलंट बारीक धारेने भरत राहा. स्क्रूमधून बुडबुडे थांबून सलग धार आली की तो आवळा. झाकण न लावता इंजिन चालू करा, वरचा होज हाताने दाबत सोडत राहा, पातळी खाली गेली की भरा. मोठं इंजिन नुसत्या आयडलवर 82 अंश सहज गाठत नाही, म्हणून झाकण लावून 1,000 ते 1,200 आरपीएमवर वीस-पंचवीस मिनिटं चालवा. वरचा होज अचानक गरम झाला म्हणजे वॉल्व्ह उघडला. मग दहा-एक किलोमीटर रिकामी गाडी फिरवा, रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी कूलंटच्या टाकीवरच्या दोन खुणांच्या मध्ये पातळी आहे का बघा. पहिल्या सकाळी अर्धा-एक लिटर लागलं तर घाबरू नका. रोजच लागत असेल, किंवा थंड इंजिन चालू करताच टाकीत बुडबुडे येत असतील, तर हेडचं पॅकिंग तपासायला हवं आणि ते घरचं काम नाही.

प्रश्न : नवा 82 अंशांचा वॉल्व्ह उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवला. उघडला, पण पुरता नाही. दुकानदार म्हणतो माल चांगला आहे. कोण बरोबर? – एक वाचक, पाचगणी

उत्तर : दुकानदार बरोबर असू शकतो. पाचगणी सुमारे 1,300 मीटर उंचीवर आहे, तिथे पाणी साधारण 95-96 अंशांनाच उकळतं, सातारा शहरात 97-98 च्या आसपास. तुमचा वॉल्व्ह पूर्ण उघडायला साधारण 94 लागतात, म्हणजे पातेलं जेमतेम तिथवर पोचतं. त्यात वॉल्व्ह पृष्ठभागाजवळ असेल तर आणखी एखादा अंश कमी. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं मिसळून तपासा, ते पाण्यापेक्षा उशिरा उकळतं. मोकळ्या हवेत करा आणि स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. गाडीत ही अडचण येत नाही, कारण झाकण दाब धरून ठेवतं: 0.9 बारच्या झाकणाखाली तुमच्याकडेही साधं पाणी 115 अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणूनच झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर थर्मोस्टॅटबरोबर झाकणही बदला.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचंच पाणी. रेडिएटरला चालेल का? – एक वाचक, जत

उत्तर : नाही. जड पाण्यातला चुना सगळ्यात गरम जागी, लायनरवर आणि वॉल्व्हच्या दांड्यावर बसतो. मग वॉल्व्ह नवा असूनही चिकटतो. तयार कूलंट घ्या किंवा घट्ट कूलंटात तेवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला. रंग सारखा म्हणून दोन जातींचं कूलंट मिसळू नका, रंगावरून जात ठरत नाही. रस्त्यात अडलात तर मिळेल ते पिण्याचं पाणी घालून घरी या, मग सगळं काढून नव्याने भरा.

प्रश्न : 2021 ची बीएस 6 गाडी आहे. उन्हाळ्यात वॉल्व्ह काढला, तेव्हापासून इंजिनचा दिवा लागतो. मीटर बदलू का? – एक वाचक, मिरज

उत्तर : मीटर चांगला आहे. ठराविक वेळेत कूलंट ठरलेल्या तापमानाला पोचलं नाही की संगणक दोष नोंदवतो, आणि तुमच्या गाडीत ते पोचतच नाही. थंड इंजिनाचा धूरही थंड, त्यामुळे काजळीचा फिल्टर नीट जळून साफ होत नाही आणि हळूहळू तुंबतो. कोरलेला आकडा जुळवून त्याच अंशांचा वॉल्व्ह बसवा. हवा नीट काढा, दोष स्कॅनरने पुसा आणि दोन-तीन दिवस गाडी चालवून दिवा परत येतो का बघा.