गायरान: चराई, कापणी की झाडे?

प्रश्न: आमचे 40 हेक्टर मुरमाड गायरान उघडे पडत चालले आहे. काही जण म्हणतात, चर खोदून झाडे लावा. बचत गटाला कापायला गवत हवे आहे. मेंढपाळांना चराईबंदी मान्य नाही. ऐकावे कोणाचे?
– एक सरपंच, सोलापूर जिल्हा

उत्तर: तिघांचेही थोडे थोडे ऐकता येईल, पण गवताची मुळे जगली तरच. तिथे तडजोड नको.

आधी गवत मोजा. पावसाळ्यापूर्वी दहा-बारा जागी काटेरी फांद्या टाकून ठेवा. ऑक्टोबरात तिथले प्रत्येकी एक चौरस मीटर गवत कापून, वाळवून तोला. सरासरी 100 ग्रॅम भरले तर हेक्टरी एक टन, म्हणजे एकूण 40 टन. त्यातले निम्मे रानातच राहू द्यायचे. उरलेल्या 20 टनांवर रोज सहा किलो खाणाऱ्या 27 गाई चार महिने निभावतात, किंवा रोज किलोभर खाणाऱ्या 165 मेंढ्या. कापून नेलेले गवतही यातूनच वजा करा. हिशेब फसतो तो इथेच.

सर्वांत नाजूक काळ पहिल्या पावसानंतरच्या चार-सहा आठवड्यांचा. नवा फुटवा मुळांतल्या साठ्यावर येतो. तो वारंवार खुडला गेला की मारवेल, पवन्या ही चाऱ्याची चांगली गवते मरतात आणि कुसळी हे टोकदार कुसळांचे गवत माजते. दिवाळीनंतर बाहेर पडलेले कळप नेमके याच सुमारास परततात. म्हणून चार भाग पाडा आणि हा भार दर वर्षी वेगळ्या भागावर टाका. सुरुवात कुसळीच्या भागापासून करा: कोवळी कुसळी मेंढ्या खातात, पुढे तिची कुसळे लोकरीत आणि डोळ्यांत घुसतात. हे सगळे मेंढपाळांना सोबत बसवूनच ठरवा. त्यांना वगळून घातलेली बंदी टिकत नाही.

बचत गटाला एक भाग कापणीला द्या. फुलोऱ्यात कापले तर चारा सकस मिळतो, पण बी पडत नाही. बी पडल्यावर कापले तर चारा राठ होतो. त्यामुळे वेळ आलटूनपालटून ठेवा आणि 10 सेंटिमीटर खुंट सोडा.

झाडे ओघळीच्या काठाने लावा: बोर, बाभूळ, हिवर. चांगल्या गवतात मात्र चर खोदू नका. विणलेली मुळे तुटतात आणि उपसलेला मुरूम गवतावर पसरतो. अगदी उघड्या उतारावरच समपातळीत चर घ्या, भरावावर मारवेलची ठोंबे लावा आणि तिथे दोन पावसाळे जनावर सोडू नका.