पेशवा राजा होता का?

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

आपल्या मंडळाच्या नाटकात पेशव्यांना लोक मुजरे करीत होते, ते पाहून तू विचारलेस की पेशवा हा राजा होता की राजाचा चाकर. कागदोपत्री तो चाकरच होता, आणि त्याच्या पदाचे नावही तेवढेच सांगते.

‘पेश’ म्हणजे पुढे. फारसीत ‘पेशवा’ म्हणजे पुढे चालणारा, अग्रणी. दख्खनच्या सुलतानांच्या दरबारात प्रधानाला ही संज्ञा होती आणि तिथूनच ती आपल्याकडे आली. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी पदांना संस्कृत नावे दिली, तेव्हा पेशवे मोरोपंत पिंगळे मुख्य प्रधान झाले, जमाखर्च पाहणाऱ्या मुजुमदाराचा अमात्य झाला आणि परराज्यांशी व्यवहार पाहणाऱ्या डबीराचा सुमंत. तरीही लोकांच्या तोंडी पेशवा हाच शब्द राहिला, आणि मुजुमदार व डबीर तर आडनावे होऊन बसली.

१७१३ मध्ये शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथ यांना पेशवेपद दिले आणि पुढे ते त्यांच्याच घराण्यात वंशपरंपरेने चालले. बाजीरावांच्या शिक्क्यात आधी राजा शाहूंचे नाव येते, मग त्यांचे स्वतःचे, तेही प्रधान म्हणून. १७४९ मध्ये शाहू महाराज वारल्यावर सारी सत्ता पुण्यात एकवटली, तरी प्रत्येक नव्या पेशव्यासाठी पदाची वस्त्रे साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच येत. १७७४ मध्ये सवाई माधवरावांसाठी ती पुरंदरावर आली, तेव्हा हा प्रधान अवघ्या चाळीस दिवसांचा होता! ज्याला मान धरता येत नाही त्याने राजाला सल्ला कसा द्यावा, हे कोणी विचारले नाही, कारण तोवर चाकरी हीच मिरास, म्हणजे वंशपरंपरेचा हक्क, झाली होती आणि कारभार बारभाई, म्हणजे मुत्सद्द्यांचे मंडळ, पाहत होते. माझ्या मते राजा आणि प्रधान यांतला फरक लोकांच्या नजरेतून पुसला गेला तो अशामुळेच. नाटकवाल्यांना एकट्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

जुन्या पत्रांत मात्र तो फरक कसोशीने पाळलेला दिसेल. वडीलधाऱ्याला किंवा धन्याला लिहायचे तर आरंभी ‘स्वामींचे सेवेसी’ आणि स्वतःच्या नावाआधी ‘विनंती सेवक’ असे लिहीत. त्यातले ‘सेवेशी’ अजून गेलेले नाही. गावी तहसीलदारांना अर्ज करताना तुझे आजोबा त्यांच्या हुद्द्यापुढे ‘यांचे सेवेशी’ असेच लिहितात.

तुझी,
आई